फुकटात शिकलेली फोटोग्राफी आणि उत्सवातला जांभळा नारद

सुरंगी (डिचोली) – रविवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी पतसंस्थेत कॅशियर. मावसभाऊ दुबईला गेला तेव्हा त्याचा जुना डीएसएलआर माझ्या गळ्यात मारून गेला, सोबत १८-५५ची लेन्स. म्हणाला, "कपाटात बुरशी येण्यापेक्षा तू वापर." क्लासला जायला ना वेळ ना पैसे. म्हणून जेवणखाण आवरून रात्री दहा ते अकरा यूट्यूब. दहा महिने झाले. दोनशेपानी वही भरली. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ हा त्रिकोण झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन.

तर परवा देवळाच्या उत्सवात गावच्या मंडळाचं संगीत नाटक होतं. मीच पुढे होऊन म्हटलं, यंदा फोटो मी काढते. ४१२ काढले. घरी येऊन लॅपटॉपवर बघते तर नऊ बरे. नारदाचं तोंड वांग्यासारखं जांभळं, त्यात नाक कुठे नि गाल कुठे कळत नाही. सुभद्रेचे हात म्हणजे धूर. आणि काही फोटोंत वरून खालपर्यंत काळसर पट्टे, जणू पडद्यावर कुणी चटई वाळत घातलीय. चिटणीसकाकांनी फोटो बघितले, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "असू दे गो, पोरांनी मोबाइलवर काढलेले आहेत."

ते "असू दे" मला फार लागलं.

महिन्याभराने शेजारच्या वाड्यावर हेच नाटक पुन्हा आहे. कुठे चुकलं ते सांगा. फुकटचे धडे असेच अर्धवट असतात की माझंच डोकं?

---

आंबाडो (फोंडा) – रविवार, रात्री ११.३२

आधी तो नारद दाखवा. मग बोलू.

---

सुरंगी – रविवार, रात्री ११.४०

टाकलाय. हसू नका. सेटिंग: ५५ मिमी, अ‍ॅपर्चर एफ ५.६, शटर १/६० सेकंद, आयएसओ १६००, फक्त जेपेग.

---

आंबाडो – रविवार, रात्री ११.४४

हसलो. माफ करा. पण वांगं म्हणणं वांग्यावर अन्याय आहे, त्याला निदान देठ तरी दिसतो.

---

तिसरी_विंग (म्हापसा) – सोमवार, सकाळी ७.१५

मी नाटकांना लाइट पुरवतो, त्यामुळे या पापात माझाही वाटा आहे. ताई, तुमच्या तीन तक्रारी म्हणजे तीन वेगळे आजार. एक औषध तिन्हींना चालणार नाही.

पट्टे आधी. तुम्ही १/६० कुठून शिकलात ते मला ठाऊक आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिकडचे लोक सांगतात की दिव्याखाली १/६० किंवा १/१२० धरा. आपली वीज ५० हर्ट्झची. मंडपातली ट्यूब नि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. इथे १/५० नाहीतर १/१०० धरायचं, म्हणजे दर फोटोत दिव्याचे पुरे हेलकावे मावतात आणि पट्टे पडत नाहीत. १/६० वर थोडे पडतात, १/२५० वर चांगले ठळक. पण स्टेजवरचे रंगीत एलईडी कधी कधी विजेचं ऐकत नाहीत, स्वतःच्याच लयीत लुकलुकतात. त्यांच्यासाठी नांदीच्या वेळी पाच-सहा शटर लावून बघा, जिथे पट्टा दिसणार नाही तो धरा.

जांभळा नारद. आमच्याकडे निळे आणि लाल पार (स्टेजचे मोठे दिवे) एकत्र मारले की प्रेक्षकांना 'स्वर्गलोक' दिसतो. कॅमेऱ्याला मात्र दोनच रंग मिळतात, हिरवा जवळजवळ नाहीच. निळा आणि लाल काठोकाठ भरून सांडतात, चेहऱ्यावरची उंचसखल रेघ पुसली जाते. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) म्हणेल सगळं ठीक आहे. कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम असतो, तो लावा. निळा उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक्स्पोजर एक पायरी, लागलं तर दीड पायरी खाली आणा. आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढा. तरीही तो प्रसंग पिवळा-गोरा होणार नाही, जो रंग दिव्यात नव्हताच तो फोटोत कुठून येणार? असले फोटो मी मुकाट्याने कृष्णधवल करतो.

आणि सगळ्यात सोपं: लाइटवाल्याशी चहा प्या. कुठल्या प्रवेशाला पांढरा आहे ते तो सांगेल. आम्हाला कुणी विचारतच नाही.

---

रापणकार (बाणावली) – सोमवार, सकाळी ८.०२

पन्नास मिमीची एफ १.८ लेन्स घ्या, विषय संपला. एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त. ५.६ आणि १.८ यांत उजेडाचा फरक दहापटीच्या आसपास. मला जुनी ५ हजारांत मिळाली. व्हिडिओ बघून कुणी पोहायला शिकलंय का?

---

खाजनातला (दिवाडी) – सोमवार, सकाळी ९.२०

रापणकारांचं बरोबर आहे, पण विषय संपला नाही, आत्ता कुठे सुरू झालाय. निवृत्त मास्तर असल्यामुळे फळ्याशिवाय बोलता येत नाही, क्षमस्व.

सुरंगीताई, त्रिकोण तुम्हाला पाठ आहे म्हणता. पाठ आहे, पण हाताला लागलेला नाही. आमच्या खाजन शेतीतली मानस पाहिली आहे ना, बांधातली लाकडी दारं, भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडणारी? दार किती उघडलं ते अ‍ॅपर्चर. किती वेळ उघडं ठेवलं ते शटर. शेतात पाणी किती आलं ते या दोघांवर ठरलं. आता आयएसओ. पुष्कळ व्हिडिओंत सांगतात की आयएसओ वाढवला की कॅमेरा 'जास्त उजेड घेतो'. साफ चूक. पाणी तेवढंच आलेलं असतं, तुम्ही भिंगातून ते मोठं करून बघता. पाणी मोठं दिसतं, तसा गाळही मोठा दिसतो. फोटोतले ते रवाळ दाणे म्हणजे हा गाळ.

तुमच्या नाटकात दार अर्धंमुर्धं उघडं (५.६), वेळ १/६०, आणि सुभद्रा नाचतेय. तिचे हात धूर होणारच. हात थांबवायला १/१२५च्या पुढे हवं. पण मग उजेड निम्मा, त्यात पट्ट्यांची भीती. म्हणजे दार मोठं उघडायला हवं.

ते पैसे न देताही थोडं उघडता येतं. तुमची लेन्स ५५ला ५.६ असते, पण १८ला ३.५. अडीचपट उजेड फुकट. अट एकच, पुढे जाऊन बसायचं. झूम करायचं ते पायांनी. पेटी-तबलेवाल्यांच्या बाजूला जमिनीवर बसा, तिथून कुणाच्या डोक्याची आडकाठी नाही आणि मान्यवरांच्या खुर्च्याही अडत नाहीत.

---

तिसरी_विंग – सोमवार, सकाळी ९.४१

मास्तर, मानसीचा दाखला चोरतोय. पुढच्या उमेदवाराला हाच सांगणार.

हातांबद्दल एक भर: संगीत नाटकात नट तान संपवून क्षणभर थांबतो, टाळी घेतो. तो क्षण १/१०० मध्येही दगडासारखा स्थिर मिळतो. नाटक माहीत असेल तर शटरची उणीव भरून निघते. रंगीत तालमीला जा.

---

पाटोपलीकडे (पणजी) – सोमवार, दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. "फुकटचे धडे अर्धवट असतात का" याला माझं उत्तर: अर्धवट नसतात, परक्या उजेडातले असतात. तिसरी_विंग यांनी ६० हर्ट्झचं उदाहरण दिलंच. अजून दोन, दोन्ही मी स्वतः भोगलेली.

पहिलं, 'गोल्डन अवर', सूर्य क्षितिजाजवळ असतानाचा सोनेरी उजेड. तास म्हणतात म्हणून मी पाच वाजता ऑफिसातून निघून मिरामारला निवांत पोचायचो, चणे घ्यायचो, जागा शोधायचो, तोवर सूर्य गुल. नंतर गणित मांडलं. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर, इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली पडतो. विषुवदिनाच्या सुमारास सहा अंश उंचीवरून क्षितिजाला टेकायला त्याला इथे २५ मिनिटं लागतात. लंडनला तिरका घसरत जातो, तिथे ४०च्या आसपास. तो व्हिडिओवाला खोटं बोलत नव्हता, त्याच्या गावचं सांगत होता. तुमच्या डिचोलीला तर पश्चिमेला डोंगर आडवा असेल तर अजून दहा मिनिटं वजा करा.

दुसरं, पांढरा चुना. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं सरासरी राखाडी आहे असं धरून चालतो. पणजीचं मेरी इमॅक्युलेट चर्च किंवा मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ चौकटभर घेतला तर तो बिचारा घाबरून फोटो काळा करतो, चर्च पावसात भिजलेल्या सिमेंटसारखं दिसतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एक, म्हणजे मीटर सांगतो त्याहून एक पायरी उजळ, कडक उन्हात त्याहून थोडं पुढे. हे धड्यांत असतं, पण उदाहरण बर्फाचं असतं. आपण बर्फ म्हटलं की पुढे ढकलतो. बर्फाच्या जागी चुना वाचायचा.

आता काय बघावं. रात्री यूट्यूब स्वतःहून पुढे करतं ते बघू नका. मला लागू पडलेलं सांगतो. मार्क लेव्हॉय स्टॅनफर्डला शिकवायचे. तोच अभ्यासक्रम त्यांनी २०१६ मध्ये गूगलमध्ये घेतला, १८ व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. पिक्सेल फोनच्या कॅमेऱ्यामागच्या तंत्रात या माणसाचा मोठा हात. गणित येतं मध्ये मध्ये, ते सोडून दिलं तरी चालतं, पण लेन्समध्ये नेमकं काय घडतं ते एकदाचं कळतं. वाचायला केंब्रिज इन कलर हे संकेतस्थळ, आकृत्या फार सुरेख. आणि तंत्राचा कंटाळा आला की न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाचा कोर्सेरावरचा कोर्स. मी केला तेव्हा नुसतं बघायला पैसे पडले नव्हते. त्यात शटरचं नाव नाही, फोटो का काढायचा एवढंच आहे.

रॉ उघडायला डार्कटेबल. फुकट, जाहिराती नाहीत. पहिला आठवडा शिव्या घालाल.

---

आंबाडो – सोमवार, दुपारी १.५२

दुसरा आठवडाही.

---

रापणकार – सोमवार, दुपारी २.१०

१८ व्याख्यानं! पात्रांव, तोवर शिगमो येऊन जाईल. बाईंना नाटकाचे फोटो काढायचेत, पीएचडी नाही करायची.

मी कसा शिकलो सांगतो. रोज सकाळी सहाला रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढतात तिथे जायचो. तीन महिने फक्त रापण. समोरून काढली, मागून काढली, दोरीजवळ पालथा पडून काढली. उजेड समोरून आला की माणसं काळी, पाणी चांदीचं. हे कुठल्या व्हिडिओने सांगितलं नाही. एकदा लाट अंगावर आली, बॅटरीसकट फोन गेला. तो खर्च माझी फी.

---

पाटोपलीकडे – सोमवार, दुपारी २.२५

तीन महिने एकच गोष्ट काढत राहिलात, हे मात्र शंभर टक्के मान्य. पण तुम्ही फोनवर शिकलात म्हणून दारात अडकत नाही आहात. बहुतेक फोनमध्ये अ‍ॅपर्चर बदलतच नाही, मागचं धूसर करणं सॉफ्टवेअरचं काम. ताईंच्या हातात ते दार खरंखुरं आहे, ते समजल्याशिवाय सुटका नाही.

---

रापणकार – सोमवार, दुपारी २.३१

हां, ते खरं. व्याख्यानं बघतो. पहिली दोन. त्यापुढे शब्द देत नाही.

---

मोगरी (मडगाव) – सोमवार, रात्री ९.४५

फुकट विरुद्ध क्लास यावर माझा अनुभव. मी एका ठिकाणी २२ हजार भरले (नाव घेत नाही). बारा रविवार. त्यातले आठ रविवार सरांनी स्वतःच्या लग्नांचे अल्बम दाखवले. माझा एकही फोटो कुणी उघडून बघितला नाही. फुकटच्या आणि पैशाच्या शिकवणीत मला जी एक गोष्ट कमी पडली ती हीच: आपला फोटो बघून 'इथे चुकलं' म्हणणारं माणूस.

ते शेवटी मला विकिमीडिया कॉमन्सवर, विकिपीडियाच्या फोटोंच्या खुल्या साठ्यावर सापडलं. तिथे आपले फोटो दर्जा-चित्रांच्या पानावर मांडता येतात, आणि जगभरचे खवट लोक येऊन सांगतात: क्षितिज एक अंश कललंय, उजवा कोपरा मऊ आहे, आकाशात सेन्सरवरच्या धुळीचा डाग आहे. गोड बोलणं नाही. माझे पहिले सहा नापास. सातवा, तांबडी सुर्ल्याच्या महादेव मंदिराचा, पास झाला तेव्हा मी चुलीवरचं दूध उतू घालवलं. सप्टेंबरात विकी लव्हज मॉन्युमेंट्स नावाची स्पर्धा असते, २०१०ला नेदरलँड्समध्ये सुरू झाली. तिच्या निमित्ताने आपलीच देवळं नि किल्ले नीट बघितले.

एक सावधानी. तिथे टाकलेला फोटो श्रेय देऊन कुणीही वापरू शकतं, धंद्यासाठीसुद्धा. माझा एक फोटो एका हॉटेलच्या माहितीपत्रकात बघितला, श्रेय नाही. पत्र पाठवल्यावर नाव छापलं, तेही चुकीचं.

---

खाजनातला – मंगळवार, सकाळी ६.५०

मोगरीबाय, २२ हजार वाचून चहा गार झाला.

एक जुना उपाय सांगतो, इंटरनेटही लागत नाही. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन चित्रकलेची मोठी पुस्तकं घेऊन बसा. दर चित्रात एवढंच शोधा की उजेड कुठून येतोय. नाकाची सावली बघितली की कळतं. मी हे मुलांना सांगायचो, मुलं खिडकीबाहेर बघायची. तेही वाईट नव्हतं, उजेड तिथूनच यायचा.

---

आंबाडो – मंगळवार, सकाळी १०.०५

थोडं विषयांतर, पण सांगायलाच हवं. सुरंगीताई, तो कॅमेरा पावसाळ्यात कुठे ठेवता?

---

सुरंगी – मंगळवार, दुपारी १.१५

सगळ्यांचे देव बरें करूं. वहीची नवीन पानं सुरू केलीत. कॅमेरा त्याच्या चामड्याच्या बॅगेत, कपाटात, साड्यांखाली.

---

आंबाडो – मंगळवार, दुपारी १.२२

अरे देवा. आज संध्याकाळी बाहेर काढा. माझी एक लेन्स अशीच गेली, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, दुरुस्तीचा खर्च लेन्सहून जास्त. आपल्या हवेत चामडं ओल धरतं, आणि अंधार नि कोंदट हवा म्हणजे बुरशीला माहेर. हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. सिलिकाचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत वापरा, फक्त तो तवा पोळ्यांना नको. तांदूळ घालू नका, पीठ उडतं.

किनाऱ्यावरून आलात की खारं पाणी ओलसर फडक्याने पुसायचं, मग कोरड्याने. परदेशी व्हिडिओंत हे कुठे नसतं.

---

मोगरी – मंगळवार, दुपारी ३.००

आणि नाटकाबाहेर सराव करणार असाल तर माणसांना विचारून. फोंतेन्हासमध्ये लोकांनी दारांवर 'फोटो काढू नका' असे फलक लावलेत, रोज सकाळी आपल्या पायरीवर कुणीतरी अनोळखी पोज देत बसलंय हे कुणालाही नकोसं होईल. देवळांतही गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवायच्या आधी पुजाऱ्यांना विचारा. जुन्या गोव्यात ट्रायपॉड उघडलात तर रखवालदार हजर होतो.

---

सुरंगी – पाच आठवड्यांनी, सोमवार, रात्री १०.२०

मंडळी, नाटक झालं. हिशेब देते.

डबा आणला. काटा पहिल्या दिवशी ७८ दाखवत होता, आंबाडोंची आठवण काढली. लेन्स वाचली आहे.

पन्नासची लेन्स घेतली नाही. बिशी लागली की घेईन. दोन तालमींना गेले. पहिल्या तालमीत फक्त बघितलं, कॅमेरा मांडीवर. दुसऱ्या तालमीत वहीत लिहिलं की कुठल्या पदाला कोण कुठे थांबतो. लाइटवाल्या मुलाला चहा पाजला, त्याने दोन प्रवेशांना पांढरा जास्त द्यायचं कबूल केलं आणि नारदाला मात्र जांभळाच ठेवला. म्हणाला, "बाई, स्वर्ग आहे तो." ते फोटो कृष्णधवल केले.

तबलजींच्या शेजारी बसले. १८ ते २४ मिमी, एफ ३.५ ते ४, १/१००, आयएसओ ३२००, रॉ. फोटो १८०च काढले, कारण थांबायची जागा माहीत होती. बरे निघाले ३४. दाणे आहेत, मास्तरांचा गाळ, पण चेहरे चेहऱ्यासारखे आहेत. तबलजींच्या डोक्याचा टक्कल भाग सात फोटोंत आलाय.

लेव्हॉयची चार व्याख्यानं झाली. तिसरं दोनदा बघावं लागलं. डार्कटेबलला घातलेल्या शिव्या आमच्या मांजराला पाठ झाल्या.

एक फोटो तिथल्या समितीला कार्यालयात लावायला हवाय. १२ बाय १८ इंच. माझ्या फाइलमधून निघेल का? कॅमेरा २४ मेगापिक्सेल.

---

रापणकार – सोमवार, रात्री १०.३३

४ व्याख्यानं! मी अजून दुसऱ्यात आहे.

---

पाटोपलीकडे – सोमवार, रात्री १०.४१

निघेल. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १८ बाय १२ म्हणजे ५४०० गुणिले ३६०० पिक्सेल. तुमची फाइल ६००० गुणिले ४००० असणार, प्रमाणही तेच, तीनास दोन. कातरलाय का? कातरून ४००० वर आला असेल तरी भिंतीवर हातभर अंतरावरून कळणार नाही.

---

सुरंगी – सोमवार, रात्री १०.४६

कातरलाय थोडा. डाव्या विंगेत प्रॉम्प्टर अर्धा दिसत होता, हातात वही, ओठ हलतायत. त्याला काढून टाकलं.

---

तिसरी_विंग – सोमवार, रात्री १०.५०

प्रॉम्प्टरला कापलंत?

---

सुरंगी – सोमवार, रात्री १०.५८

रॉ आहे. परत आणला. पूर्ण चौकटच देते समितीला.